गढी उत्तर देते

लिपोवेकच्या बायकांपेक्षा चढावरची घोडागाडी लवकर पोचते, असं पलीकडच्या गावात म्हणतात. मे महिन्यात रोज संध्याकाळी सातला या बायका फाट्यावरच्या क्रूसापाशी जमतात आणि मरिया माउलीची नामावळी गातात. एक बाई नाव घेते, बाकीच्या ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतात. हे सगळ्याच गावांत होतं. लिपोवेकात मात्र नाव घेतल्यावर लगेच कोणी तोंड उघडत नाही. एक श्वासभर सगळ्या गप्प राहतात आणि मग उत्तर देतात. नवे फादर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटलं, बायका ओळ विसरल्या. त्यांनी पुढचं सुचवलं. बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं, थांबायचं तेवढं थांबल्या आणि मग म्हटलं. तेव्हापासून फादर क्रूसापाशी येताना मनगटावरचं घड्याळ घरी ठेवतात.

हा थांबा त्यांना गढीने शिकवला. गावाच्या वर, तळ्यापलीकडे ती उभी आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराने इटलीहून गवंडी आणवले आणि चौकाभोवती कमानींचे सज्जे काढून ती बांधली. तिच्यात घुमटाचं एक छोटं प्रार्थनाघर आहे. महायुद्ध संपलं, मालक परागंदा झाले, गढी काही वर्षं ओस पडली, तेव्हा गावच्या बायका मे महिन्यात तिथेच गायच्या. नाव घ्यायची सोळा वर्षांची पेत्रोनेला. ती सांगायची, नाव सोडलं की ते वर जायचं, घुमटात फिरायचं आणि एका श्वासाने परत यायचं, कोणी तरी ऐकून ‘हो’ म्हटल्यासारखं. ते परत येईपर्यंत थांबावंच लागे. पुढे सरकारी शेतीची माणसं आली. प्रार्थनाघरात त्यांनी खताची पोती रचली, आणि बायका फाट्यावर आल्या. घुमट वरच राहिला, पण थांबा त्या खाली घेऊन आल्या. उघड्या आभाळातून काही परत येत नाही. तरी सत्तरहून जास्त वर्षं त्या प्रत्येक नावानंतर वाट पाहतात. भक्ती म्हणतात ती याहून फार वेगळी नसावी.

पेत्रोनेला आता एक्याण्णव वर्षांची होती आणि ईस्टरच्या आधीपासून खाटेवर होती. नाव घ्यायचं काम तिच्या लेकीकडे, गेनोवेफाकडे येऊन एकतीस वर्षं झाली होती. डॉक्टरांनी गेनोवेफाला अंगणात बोलावून सांगितलं होतं की म्हातारी पुढचा मे पाहील असं धरून चालू नका. म्हातारीला ते न सांगता कळलं होतं. एका सकाळी दुधाचा पेला परत देताना ती म्हणाली, “गेन्या, मला तो घुमट एकदा ऐकायचाय गं.”

एवढंच. नंतर पुन्हा तिने विषय काढला नाही, आणि म्हणूनच गेनोवेफाच्या मनातून तो हलेना.

गढीचं आता हॉटेल झालं होतं. लिपोवेकच्या कोणी त्यात रात्र काढली नव्हती. काढेल कशाला, घरी पलंग असताना? पण वॉर्सातल्या युस्तिनाने, गेनोवेफाच्या लेकीने, आईबापांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिथल्या तीन रात्रींची भेट पाठवली. एरवी गेनोवेफाने ती परत करायला लावली असती. या वेळी तिने फक्त विचारलं, “तिथलं प्रार्थनाघर आहे का, जरा फोन करून विचार.” युस्तिनाने विचारलं. आहे, उत्तम जपलंय, पाहुण्यांसाठी खुलं आहे, असं हॉटेलवाल्यांनी सांगितलं.

मग बेत पक्का झाला. शनिवारी संध्याकाळी सातला गेनोवेफा प्रार्थनाघरात नामावळी म्हणणार. नवरा बोलेक फोन धरून उभा राहणार. घरी शेजारीण लेओकादिया दुसरा फोन म्हातारीच्या कानाशी धरणार. फाट्यावर तीन दिवस दुसरी बाई नाव घेणार होती. तिला गेनोवेफाने तीनदा बजावलं, घाई करू नकोस.

शुक्रवारी दुपारी दोघं पोचली. बोलेकने लग्नातला कोट घातला होता, आणि तळ्यावरून गढीत जाणाऱ्या पुलावर पाऊल टाकताच त्याच्या जुन्या आठवणींना पाय फुटले. तो वीस वर्षं त्या सरकारी शेतीवर ट्रॅक्टर चालवत होता. इथे डुकरांचं खाद्य असायचं, इथे आमचा फोरमन झोपायचा, असं तो मोठ्याने सांगत चालला. आता फोरमनच्या झोपायच्या जागी काचेच्या भांड्यात लिंबू घातलेलं पाणी ठेवलं होतं.

टेबलामागच्या माल्विना नावाच्या मुलीने हसून स्वागत केलं. तिच्या बोलण्यात ‘आपला अनुभव’ हा शब्द इतक्या वेळा आला की बोलेकने बायकोच्या कानात विचारलं, आपल्याला नोकरीला ठेवतायत की काय. खोलीच्या किल्लीऐवजी तिने एक पातळ कार्ड दिलं आणि नियम सांगितले. टॉवेलच्या कापडाचे पांढरे झगे फक्त खालच्या स्नानगृहापर्यंत घालायचे, चौकात नाही. तळ्यातल्या माशांना पाव टाकायचा नाही. सज्ज्यातल्या नक्षीला हात लावायचा नाही.

गेनोवेफाने सगळं ऐकून घेतलं आणि प्रार्थनाघर कुठे ते विचारलं.

“ते या शनिवार-रविवारसाठी दिलेलं आहे, बाई. उद्या लग्नाची पार्टी आहे.”

“लग्न लागणार का तिथे?”

“नाही, लग्न चर्चमध्ये. तिथे त्यांचं ग्रामीण टेबल आहे.”

ग्रामीण टेबल म्हणजे काय ते गेनोवेफाला चांगलं ठाऊक होतं. लग्नात नाचून भूक लागली की जाऊन खायला हॅम, सॉसेज, चरबी फासलेला पाव, खारवलेल्या काकड्या, असं मांडून ठेवतात ते. तिने स्वतः दहा लग्नांत मांडलं होतं. पण वेदीच्या जागेवर मांडलेलं तिने ऐकलं नव्हतं. तिने शांतपणे सांगितलं की तिला फक्त वीस मिनिटं हवीत, उद्या सातला, काही हलवायचं नाही, काही सांडायचं नाही, नुसतं गायचंय. माल्विनाने वहीत लिहून घेतलं आणि मॅनेजरना विचारते म्हणाली. गेनोवेफाने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वहीत लिहिलं होतं, ‘पाहुणीला संगीताची आवड.’

खोली चांगली होती, हे कबूल करायला हवं. खिडकीची भिंत इतकी जाड की बोलेक तिच्यात आडवा झोपू शकला असता. फोनला मात्र खिडकीच्या अगदी कडेला उभं राहिल्यावरच जाग यायची, एक पाऊल मागे आलं की गेली. त्या संध्याकाळी सात वाजता गेनोवेफाने खोलीतच नामावळी म्हटली. बोलेक उत्तर देत होता, तोही थांबून. अर्ध्यात आली असतील नसतील तोच खोलीतला दुसरा फोन वाजला. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांची विश्रांती चालू होती, आवाज जरा कमी होईल का, असं माल्विना फार गोड शब्दांत विचारत होती.

एकतीस वर्षांत गेनोवेफाने नाव घेताना आवाज कमी केला नव्हता. त्या दिवशी केला. उरलेली नावं तिने पुटपुटत संपवली, आणि संपल्यावर पलंगाच्या कडेला बसून दोन्ही मुठी मांडीवर आपटल्या.

“न्हाणीघरात बघितलंस का,” बोलेक विषय बदलायला म्हणाला, “साबणावरसुद्धा गढीचं चित्र आहे.”

“खा मग,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मॅनेजर भेटला. कोर्नेल त्याचं नाव, वय जेमतेम चाळीस, बूट असे की त्यात स्वतःचं तोंड बघावं. गेनोवेफाने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आईचं वय सांगितलं, घुमट सांगितला, पोतीसुद्धा सांगितली. त्याने मन लावून ऐकलं. मान हलवली. फार हृद्य गोष्ट आहे, म्हणाला. आमच्या पुस्तिकेत छापायला हवी, असंही म्हणाला. पण सभागृह दुसऱ्यांना दिलेलं असताना तो तिसऱ्याला कसं उघडणार? उद्या काही मोडलं, काही हरवलं, तर जबाबदार कोण? सोमवारपासून मात्र खुशाल या.

सोमवारी आमची खोली नाही, असं गेनोवेफा म्हणाली.

मग पुढच्या महिन्यात या, तेव्हा भाडंही उतरतं, असं कोर्नेल म्हणाला, आणि झालेल्या गैरसोयीबद्दल त्याने दोघांना द्राक्षाची दारू चाखायच्या बैठकीचं निमंत्रण दिलं.

पुढच्या महिन्यात. रागावावं तर समोरचा माणूस एक शब्द वावगा बोलत नव्हता. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंत लागते. इथे सगळीकडे उश्या ठेवल्या होत्या.

बोलेकला वाटलं, मागच्या दाराने जाऊ. पोती आत टाकायला एक दार होतं, ते त्याला डोळे मिटून सापडलं असतं. तो तिला दोन जिने चढवून, तीन उतरवून, एका बोळातून घेऊन गेला आणि ठासून म्हणाला, हे बघ. ते लिफ्टचं दार होतं. लिफ्ट उघडली, आतून दोन झगेवाले पाहुणे बाहेर आले आणि यांच्याकडे बघून ओशाळले.

शेवटी तिने प्रार्थनाघर पाहिलं ते काचेतून. दाराला मोठी काच होती. आत गवताचे भारे रचले होते. भिंतीला नवा कोरा, धार नसलेला कोयता टांगला होता. जिथे वेदी असणार तिथे लाकडी फळ्यांवर हॅमच्या दोन तंगड्या लटकत होत्या, आणि खाली एक मुलगी चरबीच्या मडक्यांना गाठोड्यासारखी फडकी बांधत होती. गावातल्या बाईला गावच्या टेबलापाशी जायला मज्जाव, आणि टेबलाला गावपण यावं म्हणून मडक्यांवर फडक्यांची उधळण. गेनोवेफाला हसू आलं असतं, पण आईचा दुधाचा पेला आठवला. वरचा घुमट काचेतून दिसत नव्हता.

दुपारी लेओकादियाचा फोन आला. म्हातारीने सकाळी केस विंचरून घेतले होते. कानाशी फोन धरायचा तर डोकं नीट दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

“बरं,” गेनोवेफा म्हणाली. “सातला.” आणि फोन ठेवून खिडकीतून पुलाकडे बघत बसली.

गढीत यायला तो एकच पूल. चर्चमधून वरात यायची ती त्यावरूनच. गेनोवेफाने बघता बघता डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला. बोलेकला ही खूण माहीत होती. तो खुर्चीतून उठला.

“वाट अडवायची,” ती म्हणाली.

तिकडच्या भागात नवराबायको चर्चमधून निघाले की शेजारीपाजारी रस्त्यात दोर धरून उभे राहतात. नवरदेव गाडीतून उतरतो, घासाघीस करतो, दारूची बाटली देतो, पोरांना गोळ्या देतो, मग दोर सुटतो. अडवणारा कोण हे कोणी विचारत नाही. नाही म्हणायचं नसतं, आणि दोर तोडून पुढे जाणाऱ्याचा संसार सुरुवातीलाच फाटतो, असं म्हणतात. हॉटेलचा मॅनेजर पाहुणीला सोमवारी या म्हणू शकतो. नवरदेव अडवलेल्या वाटेला सोमवारी या म्हणू शकत नाही.

“दोर कुठला?” बोलेकने विचारलं.

तिने कपाटातून दोन्ही झगे काढले आणि त्यांचे पट्टे ओढून घेतले. दोन पट्टे पुरेनात, तेव्हा क्रूसाला बांधायला आणलेल्या निळ्या फिती पिशवीतून काढून जोडल्या. वाट अडवणाऱ्यांनी काही तरी सोंग घ्यायचं असतं, नाही तर ती अडवणूक नुसती दरवडेखोरी. बोलेकने कोटावरून पांढरा झगा चढवला, पायांत हॉटेलच्या सपाता घातल्या आणि कानावर लायलॅकच्या जांभळ्या फुलांची डहाळी खोचली.

“चौकात झगा घालायचा नाही म्हणालेत,” तो म्हणाला.

“पूल म्हणजे चौक नव्हे.”

सहाला दहा कमी असताना दोघं पुलाच्या दोन कठड्यांशी उभी राहिली. कोर्नेल धावत बाहेर आला. झगा पाहिला, दोर पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. लग्न ठरवणाऱ्या कंपनीने हा कार्यक्रम ठेवला असणार, असं त्याला वाटलं. आपल्याला कोणी कळवलं नाही म्हणून तो थोडा कुरकुरला, बोलेकला म्हणाला की झगा हॉटेलचा दिसतोय पण छान दिसतोय, आणि स्वतः आत जाऊन दारूच्या छोट्या पेल्यांचं तबक घेऊन आला. गेनोवेफाने त्याला काही सांगितलं नाही. खोटं बोलली नाही, आणि विचारलं नाही तर सांगायचं कशाला.

वरात आली. पुढच्या गाडीतून नवरदेव उतरला. तिमोन नावाचा उंच, घामाघूम मुलगा. मागून त्याचा मामा दोन बाटल्या काखेत मारून आला, कारण बाटल्यांचा कारभार मामाकडे असतो. मागच्या गाड्यांतून माणसं उतरून पुलावर गोळा झाली, आणि बोलेकला बघून हशा पिकला. मामाने एक बाटली पुढे केली.

गेनोवेफाने मान हलवली. मामाने दुसरी काढली. बोलेकचा हात आपोआप पुढे गेला. गेनोवेफाने बघितलं तसा मागे आला.

“बाटली नको,” ती म्हणाली. “सातला मला वीस मिनिटं प्रार्थनाघर उघडून द्या.”

हशा थांबला. मामाने नवरदेवाकडे पाहिलं, नवरदेवाने मॅनेजरकडे. मॅनेजर हातातल्या तबकाकडे बघत होता.

“काय आहे तिथे?” तिमोनने विचारलं.

“तुमचं हॅम आहे. त्याला मी हात लावत नाही. मला माउलीची नामावळी म्हणायचीय. माझी आई फोनवर ऐकणार आहे. ती तिथे सोळाव्या वर्षी गायलीय, आता एक्याण्णवची आहे. तिला पुन्हा ऐकायचंय, एवढंच.”

मामा घासाघिशीत मुरलेला होता. “दहा मिनिटं,” तो म्हणाला.

“वीस.”

“बाई, सातला सूप आहे. कोंबडीचं सूप गार करायला लावता?”

“दहा मिनिटांत म्हटली तर ती नामावळी नव्हे, हजेरी झाली. वीस.”

गर्दीतून कोणी तरी म्हातारी, नवरदेवाची आजी होती ती, खणखणीत आवाजात म्हणाली, “तिमोन, दे रे. वाट अडवलेली आहे.”

तिमोनने गेनोवेफाचा हात हातात घेतला, तसा घ्यायचा असतो, आणि सौदा पटला. पट्टे सुटले. कोर्नेल काही बोलणार होता, पण सत्तर-ऐंशी माणसांनी टाळ्या वाजवल्यावर त्यानेही तबक कठड्यावर ठेवून वाजवल्या. बोलेकने दुसरी बाटली तरी ठेवून घ्यावी असं मामाचं म्हणणं पडलं. ती त्याने झग्याच्या खिशात ठेवली.

सातला पाच कमी असताना कोर्नेलने स्वतः काचेचं दार उघडलं. गेनोवेफा आत गेली, गवत ओलांडून मधोमध उभी राहिली, आणि मान वर केली.

घुमट नव्हता.

म्हणजे असणार, पण दिसत नव्हता. वर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाड करड्या कापडाच्या चौकटी टांगल्या होत्या, पालथ्या गाद्यांसारख्या. तिने कोर्नेलला विचारलं. तो अभिमानाने म्हणाला की ते दोन वर्षांपूर्वी बसवलं, फार खर्च आला. आधी इथे इतका आवाज घुमायचा की भाषणं कळायची नाहीत, पाहुण्यांच्या तक्रारी यायच्या. आता पिन पडली तरी घुमत नाही.

गेनोवेफाला वाटलं, आपण इथेच त्या गवतात बसावं आणि उठूच नये. दोन दिवस दारं ठोठावली, वाट अडवली, सौदा केला, आणि आत आलो तर ज्याच्यासाठी आलो त्याच्याच तोंडात बोळा कोंबलेला. त्या माणसाला ओरडावं तर काय ओरडावं? त्याने ते गाणाऱ्यांसाठी बसवलं नव्हतं, तक्रार करणाऱ्यांसाठी बसवलं होतं, आणि बोळा बसवताना गाणारं कोणी इथे नव्हतंच. होते ते सगळे खाली फाट्यावर.

बोलेक खिडकीच्या कोनाड्यात चढून फोन लावत होता. “लागला,” तो म्हणाला. “लेओकादिया म्हणते, आई तयार आहे.”

नामाला जागा लागत नाही, असं सांगणारे सांगतात. खरं असेल. तिने रुमाल सारखा केला आणि पहिलं नाव घेतलं.

नाव वर गेलं आणि कापडात शिरलं. तिने थांबायचं तेवढं थांबून पाहिलं. काही आलं नाही. दारात कोर्नेलने घड्याळाकडे बघितलं. खिडकीतून एकट्या बोलेकने उत्तर दिलं, भसाड्या आवाजात. दुसरं नाव. थांबा. पुन्हा तेच. फाट्यावर निदान वारा असतो, कुत्रं भुंकतं. इथली शांतता पोत्यातली होती.

तिसऱ्या नावाला दाराशी माणसं दिसली. प्रार्थनाघर उघडलंय हे सूप पिणाऱ्यांपर्यंत पोचलं होतं, आणि ग्रामीण टेबल वेळेआधी सुरू झालं असा त्यांनी अर्थ काढला होता. माणसं रिकाम्या बश्या घेऊन आली होती. सर्वांत पुढे मामा होता, हातात काटा. बाई गातेय हे पाहून ती थबकली. मागचे पुढच्यांवर येऊन आदळले, आणि गर्दी हळूहळू आत सरकली. हॅमकडे बघावं की बाईकडे, हे कुणाला कळेना.

गेनोवेफाने चौथं नाव घेतलं आणि थांबली. गर्दीत नवरदेवाची आजी होती. तिला या गावचा थांबा ठाऊक नसावा. तिला वाटलं असेल, बाई आपल्यासाठी थांबलीय. ती म्हणाली, “आमच्यासाठी विनंती कर.” एवढीशी म्हातारी, पण आवाज भक्कम. पाचव्याला तिच्यासोबत दहा-बारा जण होते. ही नामावळी त्या सगळ्यांनी लहानपणी आजीच्या पदराला धरून म्हटलेली. विसरलो असं वाटत होतं, पण ती जिभेखाली होती. आठव्या नावाला बश्या धरलेली सगळी माणसं म्हणत होती. मामा काट्याने ताल धरत होता. नवरी दारात पांढऱ्या झग्याचा घोळ गोळा करून उभी होती. शहरातली माणसं, सूर कुठेच्या कुठे. पण गेनोवेफा नाव सोडून थांबली की बरोबर त्या थांब्यात, जिथे सत्तर वर्षं काहीच येत नव्हतं, तिथे उत्तर यायचं.

नामावळीतली पन्नासच्या पन्नास नावं तिने पूर्ण घेतली. एकही पुटपुटली नाही. कोर्नेलने दारातली जागा सोडली नाही, आणि शेवटी शेवटी त्याचेही ओठ हलले, हे बोलेकने खिडकीतून पाहिलं आणि नंतर कित्येकांना सांगितलं.

संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मामाने खाकरून विचारलं की आता हॅम कापायला हरकत नाही ना, आणि सगळे एकदम बोलायला लागले. गेनोवेफा गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी गेली आणि बोलेकच्या हातून फोन घेतला.

“आई?”

पलीकडे बराच वेळ फक्त श्वास. मग म्हातारीचा आवाज, बारीक पण स्वच्छ.

“घुमटाला काय केलंय गं त्यांनी?”

खोटं सांगावं असं गेनोवेफाला एक क्षण वाटलं. “कापड लावलंय, आई. वरून सगळं झाकलंय. आवाज घुमू नये म्हणून.”

“वाटलंच. नाव परत आलं नाही.” पुन्हा श्वास. “ती कोण होती म्हणणारी?”

“लग्नाची माणसं. हॅम खायला आलेली.”

“तरीच. दगड एवढे बेसूर कधीच नव्हते.” म्हातारी हसली असावी, कारण पाठोपाठ खोकली, आणि लेओकादिया पाणी पाणी म्हणताना ऐकू आली. “पण थांब्यातच आले हो. बरोबर थांब्यातच. त्यांना कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

“हं.” बोलेक खिडकीतून उतरून तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. “गेन्या, उद्या तिथे कशाला राहतेस? घरी ये. उद्या फाट्यावर म्हण. माझी खिडकी उघडून ठेवायला सांगते लेओकादियाला. तिथे वर झाकायला त्यांच्याकडे काही नाही.”

“उद्याची रात्र दिलेली आहे, आई. युस्तिना रागावेल.”

“रागावू दे. मी मेल्यावर रागावण्यापेक्षा बरं.”

गेनोवेफाने फोन बंद केला. डोळे पुसायचे होते, पण हाताशी दोन झग्यांचे पट्टे आणि निळ्या फितीच होत्या. पट्ट्याने पुसले. कोर्नेल जवळ येऊन हळूच म्हणाला की सगळं मनासारखं झालं असेल तर पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या पानावर चार शब्द लिहिले तर बरं होईल.

“ते कापड काढा,” ती म्हणाली. “मग लिहीन.”

तो म्हणाला की तिचं मत तो वर नक्की कळवील. रागावण्याइतकंही त्यात काही हाताला लागलं नाही.

खोलीत येऊन तिने पिशवी पलंगावर ठेवली आणि फिती सोडवून एकेक गुंडाळायला लागली, उद्या क्रूसाला लागणार होत्या म्हणून. बोलेकने झगा काढून खुंटीला लावला आणि खिशातली बाटली कोटाच्या आतल्या बाजूला सरकवली.

“सकाळी निघायचं म्हणतेस ते ठीक आहे,” तो म्हणाला. “पण नाश्ता करून.”